वर्ध्याची बाराखडी आणि तुमच्या संगणकातला कळफलक

अितिहास. अुद्योग. अेकादशी. अूस.

मंडळी, वरच्या ओळीत शुद्धलेखनाच्या चुका नाहीत. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची जुनी हिंदी पुस्तकं एखाद्या वाचनालयात हाती लागली, तर त्यांत हे शब्द असेच छापलेले दिसतील. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही अक्षरं तिथे रजेवर आहेत. त्यांच्या जागी एकटा 'अ' मात्रा लावून सगळी कामं करतो आहे.

हे कोणी हौस म्हणून केलेलं नव्हतं. ते केलं गेलं ते यंत्रासाठी. ही गोष्ट वर्ध्यात सुरू होते, नागपूर, कानपूर, दिल्ली, पुणे असा प्रवास करते आणि तुम्ही आत्ता ज्या कॉम्प्युटरसमोर बसला आहात त्याच्या पोटात येऊन थांबते. तिथे गेली वीस-पंचवीस वर्षं एक फुकटची सोय पडून आहे. बहुतेकांनी ती कधी चालू करूनही पाहिलेली नाही.

आधी अडचण काय होती ते बघू. शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात इंग्रजी जुळाऱ्याचं काम लहान-मोठी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं एवढ्यावर भागायचं. देवनागरीला पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वर-खाली बसणाऱ्या मात्रा असे मिळून काहीशे खिळे लागायचे. टिळकांनीही केसरीसाठी ही संख्या खाली आणायचा खटाटोप केला होता. मग आला टाइपरायटर. छापखान्यात निदान खिळ्यांची आणखी एक पेटी ठेवता येते, टाइपरायटरला कळा वाढवता येत नाहीत. साधारण ४५ कळा आणि शिफ्ट धरून नव्वदीच्या आसपास जागा. एवढ्यात अख्खी देवनागरी बसवा!

१९३५ साली इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरलं. तिथे लिपीसुधारणेसाठी एक समिती नेमली गेली आणि तिची सूत्रं काका कालेलकरांकडे आली. काकासाहेब साताऱ्याला १८८५ साली जन्मलेले, घरची भाषा मराठी, पण गुजरातीत इतकं सुंदर लिहायचे की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, संमेलनाच्या नागपूर अधिवेशनातून वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती उभी राहिली. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. ते गाव म्हणजे आजचं सेवाग्राम. थोडक्यात काय, तर देशभर एक भाषा आणि एक लिपी पोचवायची कशी याचा विचार करणारी मंडळी तेव्हा वर्ध्यात गोळा झाली होती.

काकासाहेबांचा युक्तिवाद फार सरळ होता. आपण आ, ओ, औ कसे लिहितो? 'अ' घेतो आणि त्याला काना-मात्रा लावतो. मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांना वेगळे चेहरे कशाला? त्यांनाही तोच नियम लावा: अि, अी, अु, अू, अे, अै. सहा अक्षरं वाचली, नियम एक झाला, शिकणाऱ्या प्रौढाच्या डोक्यावरचा भार हलका झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर हे चक्क रिफॅक्टरिंग आहे, आणि तेही देखणं. समितीने नुसता ठराव केला नाही, आपली पुस्तकं त्या लिपीत छापली. नवजीवनच्या जुन्या हिंदी पुस्तकांतही ही अक्षरं सापडतात.

गंमत म्हणजे तिकडे रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकरही लिपिशुद्धीच्या नावाखाली नेमकं हेच सांगत होते. ज्या दोन छावण्यांचं जवळजवळ कशावरच पटत नव्हतं, त्यांचं 'अ'च्या बाराखडीवर एकमत होतं! यंत्राची अडचण असते तिथे विचारसरणी फारशी आड येत नाही, असं दिसतं.

पुढे १९४८ साली संविधान सभेच्या काळात लघुलेखन आणि टाइपरायटरचं प्रमाणीकरण करायला समिती नेमली गेली, तिचेही अध्यक्ष काकासाहेबच. १९५३ च्या नोव्हेंबरात लखनौला लिपीसुधारणेची मोठी परिषद भरली. तिथे आणखी एक गोम निघाली, ती म्हणजे ऱ्हस्व इकार. 'कि' म्हणताना आपण आधी क म्हणतो आणि मग इ, पण लिहिताना वेलांटी आधी येते. डावीकडून उजवीकडे ठोकत जाणाऱ्या यंत्राला हे उलटं पडतं. म्हणून ठरलं की ऱ्हस्व वेलांटीसुद्धा अक्षराच्या उजवीकडेच काढायची, फक्त तिचा दांडा आखूड ठेवायचा. दीर्घ आणि ऱ्हस्व यांत फरक काय, तर दांड्याच्या लांबीचा.

लोकांना हे काही झेपलं नाही. ती वेलांटी उत्तर प्रदेश सरकारने काही वर्षांत मागे घेतली. 'अ'ची बाराखडीही काही प्रकाशनांपुरती राहिली आणि हळूहळू विरली. मराठीत काही नियतकालिकांनी ती नेटाने चालवून पाहिली, पण शाळेत मुलं इ-ई-उ-ऊच गिरवत होती. डोळ्यांची सवय ही फार चिवट गोष्ट आहे. आणि खरं सांगायचं तर लोकांचं बरोबरच होतं. हजार वर्षांची लिपी एका पोलादी सांगाड्यात मावत नाही म्हणून लिपीच कापायची, हे काही न्यायाचं नाही. पण १९३५ साली दुसरा उपाय तरी कुठे होता? यंत्राला अक्कल नव्हती, त्यामुळे समजून घ्यायची जबाबदारी माणसावर होती.

मग टाइपरायटरवाल्यांनी मधला मार्ग काढला. अक्षरांचे तुकडे करायचे, ते कळांवर पसरायचे आणि टंकलेखकाने ते कागदावर जोडायचे. 'वर्धा' हाच शब्द घ्या. आपण म्हणतो व, र, धा. टाइपरायटरवर मात्र व, मग अर्धा ध, त्याला दांडा, मग काना आणि सगळ्यात शेवटी वर रफार. म्हणजे तोंडात जो र दुसरा येतो तो बोटात शेवटी. तालुक्या-तालुक्यातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यानपिढ्या पोरांनी ही कसरत पाठ केली आणि त्यावर नोकऱ्या मिळवल्या. त्या कष्टांना नावं ठेवायचं कारण नाही. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ साली त्याचं उत्पादन थांबवलं. यंत्र गेलं, पण त्याची बोटं मागे राहिली.

कुठे राहिली? फाँटमध्ये. कॉम्प्युटर आले तेव्हा कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असे फाँट आले. त्यातला कृतिदेव तर थेट टाइपरायटरच्याच सवयीवर चालतो. युक्ती अशी की फाइलीत रोमन अक्षरं साठवायची आणि त्यांचे चेहरे देवनागरी काढायचे. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलंत की फाइलीत प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच पडतात. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नाहीच, रोमन अक्षरांची खिचडी आहे. फाँट काढला की सोंग उतरलं.

याचा परिणाम किती लांब जातो ते बघा. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. युनिकोडमध्ये त्यांची नावं एक्सेलमध्ये टाकून क्रम लावला तर येतं: आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, वर्धा, समुद्रपूर, सेलू, हिंगणघाट. अगदी शब्दकोशासारखं. तीच नावं कृतिदेवमध्ये असतील तर एक्सेल बिचारं रोमन क्रम लावणार: आधी कारंजा, मग हिंगणघाट, मग समुद्रपूर, सेलू, देवळी, वर्धा आणि सगळ्यांच्या शेवटी आर्वी-आष्टी. हिंगणघाट दुसऱ्या नंबरावर का? कारण त्यातली वेलांटी आधी टाइप होते आणि तिच्या जागी रोमन एफ बसलेला असतो. लखनौच्या परिषदेला ज्या वेलांटीने छळलं तीच ही. अशा फाइलीत शोध चालत नाही, क्रम लागत नाही, मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चिकटवला की कचरा होतो. गावोगावच्या कचेऱ्यांत, छापखान्यांत, संस्थांत वर्षानुवर्षांचा मजकूर असा फाँटच्या कैदेत पडला आहे. दिसतो, पण सापडत नाही.

आता गोष्टीची दुसरी बाजू. १९७५ च्या जानेवारीत नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन झालं. आयोजक कोण? आपली वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती. याच मालिकेतलं तिसरं संमेलन १९८३ साली दिल्लीत भरलं आणि तिथे आयआयटी कानपूरच्या मंडळींनी देवनागरीत चालणारा संगणकाचा टर्मिनल मांडला होता. कानपूरच्या त्या कामातून जिस्ट हे तंत्रज्ञान वाढलं. मोहन तांबे हे त्यामागचं मोठं नाव. पुढे ते पुण्याला, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आलं आणि पीसीत बसवायच्या जिस्ट कार्डाच्या रूपाने घराघरात नाही तरी हापिसाहापिसात पोचलं.

त्याच सुमारास, १९८६ साली, भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने एक कळफलक प्रमाण म्हणून ठरवला. त्याचं नाव इन्स्क्रिप्ट. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकातही तो आला.

इन्स्क्रिप्टची रचना करणाऱ्यांनी टाइपरायटरकडे बघायचं सोडून वर्णमालेकडे बघितलं. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. मधल्या ओळीत के या कळीवर क आणि शिफ्ट धरली की ख. तिच्या लगेच वर आय, तिथे ग आणि घ. एलवर त-थ, तिच्या वर ओवर द-ध. अर्धविरामाच्या कळीवर च-छ, तिच्या वर पीवर ज-झ. एचवर प-फ, तिच्या वर वायवर ब-भ. म्हणजे अल्पप्राण साधा, महाप्राण शिफ्टने. कठोर खाली, मृदू वर. पहिलीत घोकलेला तक्ता बोटांखाली आडवा पसरलेला. आणि बंगाली, गुजराती, तेलुगू, कन्नड कुठलीही लिपी घ्या, क हा केवरच.

आता डावा हात. एफ दाबलं की वेलांटी, शिफ्ट धरून एफ दाबलं की इ. जीवर उकार, शिफ्टने उ. एसवर मात्रा, शिफ्टने ए. काही आठवलं? काकासाहेब म्हणत होते, इ म्हणजे अ अधिक वेलांटी. इन्स्क्रिप्ट म्हणतो, इ म्हणजे शिफ्ट अधिक वेलांटी. नियम तोच, एका स्वराला एकच खूण. पण कागदावर मात्र आपली जुनी, सवयीची इ उमटते.

वेलांटीचं तर याहून भारी. इन्स्क्रिप्टमध्ये 'कि' लिहिताना आधी क दाबायचा आणि मग वेलांटी. साठवणही त्याच क्रमाने होते. ती वेलांटी डावीकडे नेऊन बसवायचं काम सॉफ्टवेअर करतं. लखनौच्या परिषदेला जे हवं होतं ते झालं, फक्त कागदावर न होता यंत्राच्या पोटात झालं. लिपी वाचली आणि तर्कही वाचला. वर्ध्याच्या मंडळींनी प्रश्न बरोबर ओळखला होता, उत्तर अंमलात आणायची जागा मात्र तोवर अस्तित्वात आलेली नव्हती. त्या जागेचं नाव सॉफ्टवेअर.

'वर्धा' पुन्हा लिहून बघू. बीवर व, जेवर र, डीवर हलन्त, शिफ्ट धरून ओवर ध, ईवर काना. पाच कळा, बोलण्याच्याच क्रमाने. रफार आपोआप वर जाऊन बसतो. 'वऱ्हाड' हवंय? त्या खास मराठी ऱ्हसाठी शिफ्ट धरून जे, मग हलन्त, मग ह. ळ शिफ्ट धरून एनवर. ज्यांना रोमनमधून मराठी उमटवताना 'वऱ्हाड'ने रडवलं आहे त्यांना याची किंमत कळेल :)

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. २००० साली विंडोज २००० मध्ये मराठी आली, सोबत र. कृ. जोशींनी रेखलेला मंगल फाँट आणि इन्स्क्रिप्टवर बेतलेला मराठी कळफलक. म्हणजे तेव्हापासून ही सोय यंत्रातच आहे. मग कोणाला माहीत का नाही? एक तर विंडोज एक्सपीच्या काळात ती सेटिंगच्या तिसऱ्या कप्प्यात एका चौकटीवर खूण करून, वर सीडी घालून चालू करावी लागायची. दुसरं, दुकानात मिळणाऱ्या कळफलकावर फक्त रोमन अक्षरं छापलेली असतात. आणि तिसरं, रोमन टाइप करा नि मराठी मिळवा अशी बरहा, गमभनसारखी साधनं आली आणि निभावून गेलं. त्या साधनांचे आपल्यावर उपकार आहेत. जालावर मराठी आली ती बरीचशी त्यांच्या जोरावर. पण अशी साधनं येतात आणि जातात. विंडोजवर उतरवून घ्यायचं गूगलचं साधन पुढे बंदच झालं. १९८६ चा कळफलक जागच्या जागी आहे.

आता कामाचं. विंडोज १० किंवा ११ वर सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजमध्ये जा, भाषांमध्ये मराठी जोडा. मॅकवर कीबोर्डच्या इनपुट सोर्सेसमध्ये, लिनक्सवरही बहुतेक तिथेच. विंडोजवर विंडोज कळ आणि स्पेस दाबली की भाषा बदलते. विंडोज कळ, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबलं की पडद्यावर कळफलक येतो आणि त्यावर मराठी अक्षरं दिसतात, त्यामुळे तक्ता छापून भिंतीवर लावायची गरज नाही. मराठी चालू असताना कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही नेहमीसारखेच चालतात. आणि विंडोज कळ अधिक व्ही दाबलं तर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टींची यादी निघते. ही सोय २०१८ पासून आहे, पहिल्यांदा फक्त चालू करावी लागते. दोन भाषांत एकदम लिहिणाऱ्याला ती फार उपयोगी पडते.

यातला खरा फायदा वेगाचा नाही, सर्वत्र असण्याचा आहे. कळफलक ऑपरेटिंग सिस्टिमचा असल्यामुळे तो वर्डमध्ये चालतो, एक्सेलमध्ये चालतो, ईमेलमध्ये, फाइलच्या नावात, शोधाच्या चौकटीत, कोडमधल्या टिपणात, जिथे म्हणून कर्सर लुकलुकतो तिथे चालतो. इंटरनेट बंद असलं तरी चालतो. एका खिडकीत मराठी लिहून दुसरीत चिकटवायची येरझार संपते. रोज वीस मिनिटं काढलीत तर दोन-तीन आठवड्यांत बोटं बसतात. ते जमत नसेल तर २०१९ पासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कळफलकही आहे, तो घ्या. पण यंत्रात आहे ते वापरा आणि युनिकोडमध्ये लिहा.

यात पणाला काय लागलं आहे? आपण दिवसाचे दहा तास कळफलकावर असतो आणि आईला निरोप रोमन लिपीत पाठवतो. का, तर 'मराठी टाइप करायला वेळ लागतो'. १९३६ साली वर्ध्यात लिपीतली सहा अक्षरं यंत्रासाठी सोडायची तयारी झाली होती. तेव्हा इलाज नव्हता. आपण आज सगळीच सोडतो आहोत, आणि इलाज सेटिंग्जमध्ये पडून आहे.

गांधीजींना सरसकट यंत्रविरोधी ठरवणाऱ्यांनी त्यांचं १९२४ चं एक संभाषण वाचावं. सिंगरच्या शिवणयंत्राला त्यांनी त्यात अपवाद म्हणून मान दिला आहे, कारण ते माणसाचे कष्ट वाचवण्यासाठी प्रेमापोटी बनलं होतं. माणसाला आपल्या मापाने कापणारं यंत्र वेगळं आणि माणसाच्या मापाने शिवलेलं यंत्र वेगळं. इन्स्क्रिप्ट दुसऱ्या जातीचा आहे.

वर्ध्यातच आता महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. १९७५ च्या नागपूर संमेलनात ज्याची मागणी झाली आणि १९९७ साली जे स्थापन झालं तेच. 'हिंदी समय' या नावाने त्यांनी हिंदी साहित्याचा मोठा साठा जालावर युनिकोडमध्ये ठेवला आहे. त्यात इ, ई, उ, ऊ, ए, ऐ सगळे आपापल्या जागी आहेत आणि कुठलाही शब्द शोधला की सापडतो.

भाषा जोडायला पाच मिनिटं लागतात. सुरुवातीला 'वर्धा'च लिहून बघा, पाच कळांत होतं.